अपडाऊन

मागच्या महिन्यात एका रात्री नऊ वाजता पुण्याहून नातवाचा फोन आला. "आजी, आत्ता घरी पोचतोय." हिंजवडीहून कोथरूडला यायला त्याला त्या दिवशी दोन तास लागले होते. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर! बिचारा पार वैतागला होता. म्हणाला, "आजोबा तर रोज नाशिकरोडहून मुंबईला जायचे. त्यांना वेड कसं नाही लागलं?"

मी म्हटलं, "त्यांना नाही लागलं. मला लागायची वेळ आली होती."

तो हसला, मीही हसले. फोन ठेवला आणि मग मात्र झोप येईना. थट्टेत बोलले ते अगदी खरं होतं, आणि त्याचं कारण मी कधी नीट शोधलंच नव्हतं. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, पण घरातला इतिहास तपासायचा राहून गेला. घरच्या मंडळींना यातलं काही माहीत आहे, काही नाही. असो. आता लिहायला बसलेच आहे तर सगळंच लिहिते.

१९८१ साली ह्यांची बदली मुंबईला झाली. मी इथे पिंपळगावला हायस्कूलमध्ये शिक्षिका, कायम झालेली. घर नाशिकरोडला, मुलं तिथल्या शाळेत. मुंबईत जागा घ्यायची तर दोघांचे पगार एकत्र करूनही जमणारं नव्हतं. तेव्हा ठरलं की दोन वर्षं अपडाऊन करून बघू. त्या दोन वर्षांची तेवीस झाली. हे सकाळी पश्चिमेला मुंबईकडे जाणार, मी उत्तरेला पिंपळगावकडे. त्यांचा प्रवास एका बाजूने १८७ किलोमीटर, माझा चाळीसच्या आसपास.

हा 'अपडाऊन' शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतली माणसं सगळी तोच वापरतात. शब्द मूळचा रेल्वेचा. आपल्या मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईपासून लांब जाणारी 'डाऊन'. म्हणजे ह्यांचं अपडाऊन शास्त्रशुद्ध होतं. माझ्या एसटीला कुठलं अप आणि कुठलं डाऊन! पण मीसुद्धा अपडाऊनच करत होते.

इंग्रजीतल्या 'कम्यूटर' शब्दाची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेत रेल्वे कंपन्यांनी रोज ये-जा करणाऱ्यांसाठी सवलतीचं तिकीट काढलं. रोजचं भाडं एकत्र करून, कमी करून, एकरकमी घ्यायचं. त्याला म्हणत 'कम्युटेशन तिकीट'. ते वापरणारा तो कम्यूटर. आम्हा निवृत्तांना हा शब्द चांगलाच ओळखीचा आहे! पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतो तेही कम्युटेशनच, सरकारी मराठीत अंशराशीकरण. फरक एवढाच की विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी पुन्हा पूर्ववत होते. गाडीत घालवलेल्या तासांची तशी काही सोय नाही. मी परवा कागदावर हिशेब मांडला. वर्षाचे अडीचशे दिवस, रोजचे सात तास, तेवीस वर्षं. ह्यांची साडेचार वर्षं, रात्रंदिवस धरून, त्या गाडीत गेली. माझी एसटीत आणि स्टँडवर मिळून पावणेदोन.

आता गाडीचा इतिहास.

मुंबईला रोज कामाला जाऊन परत येणं ही गोष्ट रेल्वेइतकीच जुनी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. १८६७ मध्ये विरारहून सकाळी मुंबईला जाणारी आणि संध्याकाळी परतणारी एक गाडी सुरू झाली. फक्त एक! आज त्याच विरार गाडीच्या दारात लटकणाऱ्यांना हे सांगून खरं वाटणार नाही. नाशिककडे यायचं तर मधे थळ घाट. कसारा ते इगतपुरी हा घाटातला मार्ग १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. रेल्वेच्या हिशेबात ही भिंतच. म्हणून इगतपुरीकडे चढणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. ह्यांच्या तोंडी कायम असायचं, "बँकर लागले की घर आलं."

घाट ओलांडून रोज नोकरीला जायचं हे दोन्ही घाटांवर घडलं, आणि त्यात बोरघाट पुढे. दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली. ती मुळात नोकरदारांसाठी नव्हतीच. शनिवार-रविवारी पुण्याला घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या बड्या लोकांसाठी होती. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या, एकीचे डबे रुपेरी, त्यावर लाल पट्टे, दुसरीचे गडद निळे, त्यावर सोनेरी. फक्त पहिला आणि दुसरा वर्ग. तिसऱ्या वर्गाचा माणूस त्या गाडीत शिरला तो थेट जून १९५५ मध्ये. आणि मग बघता बघता ती गाडी शर्यतवाल्यांची न राहता पासवाल्यांची झाली. दर एक जूनला पुणे स्टेशनवर प्रवासी तिचा वाढदिवस करतात, केक कापतात. गाडीचा वाढदिवस! मला हे पूर्वी पोरकटपणा वाटे. (एक जून हीच एसटीचीही जन्मतारीख, १९४८ साली पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. माझ्या एसटीचा वाढदिवस मी काही कधी केला नाही.)

आपल्या बाजूला पंचवटी एक्स्प्रेस आली १ नोव्हेंबर १९७५ ला. मनमाडहून पहाटे निघायची, लासलगाव, निफाड करत सातच्या सुमारास नाशिकरोड, मग देवळाली, इगतपुरी, घाट उतरून कल्याण आणि दहानंतर मुंबई. संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास मुंबईहून परत. कचेरीची वेळ धरूनच जणू आखलेली. या एका गाडीमुळे नाशिकची किती घरं नाशिकलाच राहिली! नाहीतर डोंबिवली-कल्याणला एखादी खोली आणि गावचं घर कुलूपबंद, असंच झालं असतं.

आमच्याकडे पाचला स्टोव्ह पेटायचा. सव्वासहाला हे डबा घेऊन बाहेर. मग मुलांचं आवरून नऊला मी. नाशिकरोडहून शहर बसने द्वारका, तिथे आग्रा रोडच्या कडेला उभं राहून पिंपळगावकडे जाणारी एसटी. मालेगाव-धुळ्याच्या गाड्या आधीच भरून येत. आडगाव, ओझर, पिंपळगाव, एवढाच काय तो प्रवास, पण तो बहुतेक वेळा उभ्यानं. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात तपासलेल्या वह्यांची पिशवी. ओझरला कारखान्याची माणसं चढत-उतरत. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या हंगामात बाजार समितीकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग, शाळेची घंटा होऊन गेलेली. परत येताना पुन्हा तेच, उलट दिशेनं. साडेसातला घरी पोचले की अर्धा तास कुणाशी बोलायची इच्छा नसे. आणि स्वयंपाक वाट बघत असे.

दहाच्या सुमारास हे येत. सात तास गाडीत, वर कचेरी. आणि चेहरा बघावा तर प्रसन्न! जेवत, पेपर चाळत, झोपत. मला ते कोडं वाटे. कोडं कसलं, खरं सांगायचं तर राग येई.

१९९४ च्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाला मुंबईला जायचं होतं, म्हणून मी पहिल्यांदा ह्यांच्यासोबत पंचवटीत बसले. बसले म्हणजे काय, मला बसवलं. ह्यांच्या डब्यातल्या मंडळींनी खिडकीची जागा रिकामी करून दिली. "वहिनी, इथे." कोण कुठे बसणार हे जणू कुंडलीत लिहिलेलं होतं. देवळाली मागे पडली तशी चौघांच्या गुडघ्यांवर एक चादर पसरली गेली आणि पत्ते वाटले गेले. एकाच्या घरून साबुदाण्याची खिचडी, एकाच्या घरून थालीपीठ. एकजण नुसता झोपला होता, आणि त्याला कल्याणच्या आधी उठवायची जबाबदारी दुसऱ्या एकावर होती. ती म्हणे अकरा वर्षं त्याच्यावरच होती. दसऱ्याला डबा झेंडूनं सजवतात, कुणी निवृत्त झालं की गाडीतच निरोप समारंभ होतो. सगळं मला आलटून पालटून सांगत होते.

आणि आमचे हे! इतके बोलत होते, इतके हसत होते. नकला करत होते. घरी महिन्याभरात बोलत नसतील तेवढं त्यांनी इगतपुरीपर्यंत बोलून टाकलं. लोक माना डोलवत म्हणत होते, "वहिनी, हे नसले की डबा सुना." मी हसून ऐकत होते. आतून मात्र धुमसत होते. आमच्या वाटचा माणूस सकाळ-संध्याकाळ इथे खर्च होतो आणि घरी येते ती उरलेली मोड, असं काहीतरी मनात आलं. परतल्यावर त्यावरून आमचं भांडणही झालं. ते म्हणाले, "अगं, गाडीत हसलो नसतो तर घरी येऊन ओरडलो असतो." मला ते तेव्हा पटलं नाही.

पटलं ते बऱ्याच उशिरा, आणि तेही एका परदेशी अभ्यासामुळे. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात मारियान फ्रांकेनहॉयझर या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॉकहोमला रोज रेल्वेनं येणाऱ्यांचा ताण मोजला. कसा, तर लघवीतलं अॅड्रेनलीन तपासून. एक गट गाडी सुटते त्या पहिल्या स्टेशनवर चढणारा, त्यांचा प्रवास ऐंशी मिनिटांच्या आसपास. दुसरा गट मधे चढणारा, त्यांचा जवळजवळ निम्मा. कुणालाही वाटेल की लांबून येणारे जास्त दमत असतील. निघालं उलटंच! पहिल्या स्टेशनवर चढणाऱ्यांचा ताण कमी होता. गाडी रिकामी असल्यामुळे त्यांना हवी ती जागा, हवा तो शेजारी मिळत होता. मधे चढणाऱ्यांना मिळेल त्यात भागवायचं होतं. हा निबंध १९७८ साली छापून आला.

मी हे वाचलं आणि मला द्वारकेचा चौक डोळ्यांसमोर दिसला. मी आयुष्यभर मधे चढत होते हो! गाडी कधी येईल माझ्या हातात नाही, जागा मिळेल की नाही माझ्या हातात नाही, शेजारी रोज नवा. ह्यांची जागा ठरलेली, माणसं ठरलेली, उठवणारा ठरलेला. म्हणजे शंभरावर किलोमीटर जास्त जाऊनही त्यांच्या हातात जे काही होतं ते माझ्या हातात नव्हतं.

अर्थात सगळे अभ्यास एका बाजूचे नाहीत. २००४ मध्ये डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या नऊशेहून अधिक नोकरदार बायकांना आदला दिवस आठवून प्रत्येक कामाच्या वेळी मन कसं होतं ते लिहायला लावलं. सकाळचा कामाला जाण्याचा प्रवास यादीत अगदी तळाला. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनीही जर्मनीतली आकडेवारी तपासून म्हटलं की लांबचा प्रवास करणारे एकंदरीत कमी समाधानी असतात, चांगला पगार किंवा चांगलं घर यांनी ती भरपाई पुरी होत नाही. मला वाटतं दोन्ही खरं आहे. प्रवास वाईटच. पण पासवाल्यांनी त्या वाईटाशी दोन हात कसे केले हे इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळं, लेडीज डब्यात मटार सोलत बसणाऱ्या बायका, संक्रांतीचं हळदीकुंकू, यांकडे लोक गंमत म्हणून बघतात. गंमत नाही ती. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ ला खास बायकांसाठीची लोकल सुरू झाली, तेव्हा तिच्यात जाणाऱ्या बायकांना पहिल्यांदा काय मिळालं असेल याची मला नीट कल्पना येते. धक्के न खाता उभं राहायची जागा, आणि रोजच्या ओळखीचे चेहरे.

पंचवटीच्या पासवाल्यांनी याच्याही पुढची मजल मारली. रेल परिषद नावाची प्रवाशांची संघटना आणि तिचे बिपिन गांधी यांच्या खटपटीतून २००७ मध्ये गाडीचा एक डबा 'आदर्श डबा' झाला, सी-३. नियम प्रवाशांनीच घातलेले आणि प्रवाशांनीच पाळायचे. कचरा नाही, तंबाखू-गुटखा नाही, मोबाइलवर मोठ्यानं बोलणं नाही, पत्ते नाहीत. त्या डब्याची नोंद पुढे लिम्का बुकातही झाली. तोवर हे निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. पेपरातली बातमी मी वाचून दाखवली तेव्हा आधी छाती फुगली, पण "पत्ते नाहीत" ऐकल्यावर चेहरा पडला. "मग करतात काय कल्याणपर्यंत?" असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

एक गोष्ट मात्र पासवाल्यांच्याही हातात कधी नव्हती, ती म्हणजे घाटातला पाऊस. एकदा जुलैत रुळावर माती आली आणि पंचवटी कसाऱ्याला अडकली. आमच्याकडे फोन नव्हता. गल्लीत एका घरी होता, तिथे आम्ही सात-आठ बायका रात्री बारापर्यंत बसून होतो. पहाटे तीनला हे आले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. आंघोळ केली, दोन तास झोपले आणि सव्वासहाला पुन्हा निघाले. "आज तरी राहू द्या," म्हटलं तर म्हणाले, "रजा संपली आहे." अशा वेळी गाणी-पत्ते काही उपयोगी पडत नाहीत. मुलाला तेव्हा ताप होता, तोही त्यांना ओझरताच दिसला. धाकटीनं पहिलीत असताना 'माझे बाबा' निबंधात लिहिलं होतं की माझे बाबा रविवारी येतात. वर्गशिक्षिकेनं मला बोलावून विचारलं, "वेगळे राहता का?"

२००४ मध्ये हे निवृत्त झाले आणि आम्ही नाशिकरोडचं घर सोडून इथे पिंपळगावला आलो. माझी शेवटची चार वर्षं शाळा चालत दहा मिनिटांवर होती. मी अंग भरून झोपायला लागले. ह्यांचं उलट. पाचला जाग यायचीच. चहा करून ओट्यावर बसत. सातनंतर घड्याळाकडे बघून म्हणत, "देवळाली गेली." मग नऊनंतर "कल्याण." मला पहिले सहा महिने गंमत वाटली, नंतर वाईट वाटायला लागलं. शेवटी मीच महिन्यातून एकदा त्यांना नाशिकरोडला धाडायला लागले, जुन्या मंडळींना भेटायला.

पुढचा इतिहास आता भराभर घडतो आहे. मे २०१८ मध्ये पंचवटीला नवे डबे मिळाले आणि त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेले बिपिन गांधी त्याच दिवशी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे गाड्याच थांबल्या, आणि गाड्या सुरू झाल्यावरही पासवाल्यांना बराच काळ थांबावं लागलं. एसटीत २०२३ साली बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा माझा रोजचा प्रवास संपून एकोणीस वर्षं झाली होती. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला झाला. आता म्हणे नाशिकचे काही लोक मोटारीनंच मुंबईला जाऊन येतात. जाऊ देत बापडे.

हे गेले त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. तेराव्याला नाशिकरोडहून त्यांच्या डब्यातले नऊ जण आले होते. काठ्या टेकत, एकमेकांना धरून. बोलता बोलता त्यांतले एक म्हणाले, "वहिनी, तुमच्या त्या द्वारकेच्या बसचं आम्हाला सगळं ठाऊक. काल उभ्यानं गेली, आज जागा मिळाली असेल का, रोज सकाळी पहिला विषय तोच."

मी काही बोलले नाही. मला त्यांनी घरी कधीच विचारलं नव्हतं, जागा मिळाली का म्हणून.

परवा नातवाचा पुन्हा फोन आला. रात्रीचे सव्वानऊ झाले होते. मी आधी तेच विचारलं, "काय रे, आज बसायला जागा मिळाली का?"

तो म्हणाला, "आजी, मी माझी गाडी चालवत येतो. जागा कसली!"